आवाजाने डास पळवणारी यंत्रं : कोकणात कोणाला खरंच उपयोग झालाय का?

निवळसंख | १८ ऑगस्ट, रात्री ९.४०

मंडळी, गणपती तोंडावर आलेत. गुहागरजवळच्या आमच्या घरी यंदा अकरा माणसं, त्यात दोन तान्ही पोरं. आईला दमा आहे, त्यामुळे कॉइल नाही, धुरी नाही. प्लगमधलं लिक्विड लावलं तरी सकाळी तिचा घसा धरलेला असतो.

परवा चिपळूणच्या बाजारात दुकानदाराने साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र हातात ठेवलं. प्लगात खोचायचं, निळा दिवा लागतो, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सुटतो आणि डास पळतात. वास नाही, धूर नाही. एक साडेतीनशेला, दोन सहाशेला. घेतली दोन.

घरी येऊन खोकं वाचलं. त्यावर डास, झुरळ, उंदीर, पाल, कोळी, मुंगी अशी सगळ्यांची चित्रं आणि प्रत्येकावर लाल फुली. एवढं सगळं गणगोत एकाच आवाजाला घाबरतं म्हटल्यावर शंका आली. कोणी वापरलंय का? घर जुनं, कौलारू. मागे पोफळीचं आगर, विहीर, डोण (पाणी साठवायची कुंडी), सगळं आहे.

सुरमई | १८ ऑगस्ट, रात्री १०.०५

वापरलंय आणि चालतं. आम्ही अलिबागला तीन खोल्यांत तीन लावलीत. गेल्या दिवाळीत घेतली, डिसेंबरपर्यंत डास जवळजवळ नाहीसे झाले. लोक हसतात, पण स्वतःचा अनुभव आहे. बिनधास्त लावा.

घाटावरचा | १८ ऑगस्ट, रात्री १०.११

अलिबाग कोकणात धरायचं का? (पळतो)

सुरमई | १८ ऑगस्ट, रात्री १०.१३

धरायचं. पुढे बोला.

पागोळी | १८ ऑगस्ट, रात्री १०.३०

आमच्याकडे एक आहे. खोक्यावर पालीला फुली होती. यंत्र लावलं की ते जरा कोमट होतं, आणि आमची पाल रोज रात्री बरोबर त्याच्यावर येऊन बसते. निळ्या दिव्याला किडे येतात, ते खाते. तिच्यासाठी आम्ही साडेतीनशे रुपयांत ऊब आणि जेवण दोन्हीची सोय केली.

दर्यावर्दी_देवगड | १८ ऑगस्ट, रात्री १०.४४

अरे म्हाराजा, आवाजाक मुरकुटां पळाली असती तर आमच्या म्हातारेन गाळी घालून कधीच पळयली असती.

भौतिकमास्तर | १९ ऑगस्ट, सकाळी ७.२०

सकाळी शाळेत जायच्या आधी लिहितोय, त्यामुळे जमेल तेवढं.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. वय वाढलं की वरची हद्द खाली येते. त्याच्या वरचा आवाज तो अल्ट्रासाऊंड. दुकानदार दोन गोष्टी सांगतात. एक, हा आवाज वटवाघळासारखा असतो, म्हणून डास घाबरतात. दोन, हा नर डासाच्या पंखांचा आवाज असतो आणि गाभण मादीला नर जवळ नको असतो, म्हणून ती पळते. चावते फक्त मादी, तिला अंड्यांसाठी रक्त लागतं, हे खरंच आहे.

दुसरी गोष्ट आधी घेऊ, कारण ती स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. डेंग्यूच्या डासाची, म्हणजे एडिस इजिप्तीची मादी उडते तेव्हा तिचे पंख सेकंदाला साधारण चारशे ते सहाशे वेळा हलतात. नराचे त्याहून जास्त. पण तेही हजाराच्या आतबाहेर, वीस हजाराच्या आसपास कुठेच नाही. कानाशी जे ‘गुंऽऽ’ येतं ते तुम्हाआम्हाला स्वच्छ ऐकू येतं, नाही का? मग नराचा आवाज काढणारं यंत्र आपल्याला ऐकू न येणारं कसं असेल? ते एकतर नराचा आवाज काढत नाही, नाहीतर ऐकू तरी यायला हवं.

डासाला आपल्यासारखा कानाचा पडदा नसतो. त्याच्या मिशांच्या बुडाशी एक अवयव असतो, त्याला जॉन्स्टनचा अवयव म्हणतात. क्रिस्टोफर जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८५५ मध्ये त्याचं वर्णन केलं. नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात, त्या मादीच्या पंखांचा सूर टिपायला. म्हणजे डासांच्या जगात आवाज हा मुख्यतः लग्न जमवायचा प्रकार आहे. मशीनगन काढणारा हायरम मॅक्सिम विजेच्या दिव्यांचंही काम करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या लक्षात आलं, की एका यंत्राच्या गुणगुणीवर डास येऊन जमतात, आणि ते सगळे नर आहेत. आवाजाने डास बोलावता येतात, हे तेव्हापासून माहीत आहे. नर पकडायचे सापळे त्याच तत्त्वावर करतात.

आता पुरावा. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनने २००७ साली या यंत्रांचे प्रत्यक्ष जागेवर केलेले दहा अभ्यास तपासले. पद्धत साधी. माणसं उघडे पाय ठेवून बसतात, यंत्र चालू असताना अंगावर किती डास आले आणि बंद असताना किती आले ते मोजायचं. दहाही अभ्यासांत फायदा दिसला नाही. उलट पंधरापैकी बारा प्रयोगांत यंत्र चालू असताना जास्त डास आले. बेल झाली, उरलेलं संध्याकाळी.

कुळीथपिठी | १९ ऑगस्ट, सकाळी ९.०२

मास्तर, दंडवत. ‘लग्न जमवायचा प्रकार’ वाचून चहा नाकातून आला.

सुरमई | १९ ऑगस्ट, सकाळी ११.१५

मास्तर, तुमचं पुस्तकी ज्ञान मान्य. पण आमच्या घरात डास कमी झाले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. परदेशातले डास वेगळे, आपले वेगळे. शिवाय सगळीच यंत्रं एकसारखी नसतात, स्वस्तातलं घेतलं की असंच होणार.

माळ्यावरचा | १९ ऑगस्ट, दुपारी १.५०

सुरमईताई, रागावू नका, पण आमच्या घरी या यंत्राचं अस्सल मॉडेल आहे, आणि तेही फुकट. माळ्यावर छोटी वटवाघळं राहतात, आम्ही पाकोळ्या म्हणतो. माझ्या आजोबांच्या लहानपणापासून आहेत. मास्तर म्हणतात तो ऐकू न येणारा आवाज त्या संध्याकाळी बाहेर पडताना काढतात, पहाटे परतताना काढतात. त्यात ना बॅटरी ना प्लग. वटवाघळाच्या आवाजाने डास पळत असते तर आमचं घर दापोली तालुक्यात डासमुक्त म्हणून जाहीर झालं असतं. पाकोळ्या खातात तेवढे डास खातात, उरलेले आमच्यासाठी खाली येतात.

काही पतंगांना वटवाघळाचा आवाज ऐकू येतो आणि ते उडता उडता खाली पडून जीव वाचवतात, हे वाचलंय. त्यांना त्यासाठी खास कान असतो. डासाला तो नाही.

पागोळी | १९ ऑगस्ट, दुपारी २.०४

‘अस्सल मॉडेल’ +१. लेंडीचा वास येतो का हो? तो खोक्यावर लिहितात का?

माळ्यावरचा | १९ ऑगस्ट, दुपारी २.१०

येतो. लिहीत नाहीत. खत उत्तम होतं, मिरीच्या वेलाला घालतो.

शेणकूट | १९ ऑगस्ट, दुपारी ४.३०

या सगळ्या प्लगाच्या भानगडी कशाला? आमची आजी तिन्हीसांजेला घमेल्यात शेणी आणि नारळाची सोडणं पेटवून वर कडुनिंबाचा पाला टाकायची आणि ते घमेलं पडवीपासून मागील दारापर्यंत फिरवायची. त्यातच काजूची टरफलं टाकली की डास गावाच्या वेशीबाहेर.

कुळीथपिठी | १९ ऑगस्ट, दुपारी ४.४१

काजूची टरफलं नका हो सांगू कोणाला! त्यातलं तेल अंगाला लागलं तर कातडी सोलवटते, आणि धूरही डोळ्यांना-घशाला झोंबतो. आमच्याकडे काजू भाजताना पोरांना लांब पाठवायचे. धागाकर्त्याच्या आईला दमा आहे, तिथे सोडणाचा साधा धूरसुद्धा नको. धुराने डास जरा वेळ दबतात हे खरं, पण त्या धुरात आधी माणसं दबतात.

घाटावरचा | १९ ऑगस्ट, सायं. ६.२०

मोबाईलवर ॲप आहे की, फुकट. मी लावलं. पाच मिनिटांनी आमचा कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला. डास इथेच होते.

भौतिकमास्तर | १९ ऑगस्ट, रात्री ८.१५

कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यामुळे तो त्रासला असेल तर नवल नाही. मोबाईलचा इवलासा स्पीकर असे उंच सूर धड काढत नाही, जे निघतात ते पडदा किंवा कपाट आडवं आलं की तिथेच मरतात. खोलीच्या त्या टोकाला काही पोचत नाही. प्लगातल्या यंत्राचंही तेच. आपण ते खाटेमागे लावतो आणि वर मच्छरदाणी सोडून झोपतो, मग म्हणतो यंत्र चालतं.

सुरमईताई, ‘आपले डास वेगळे’ यावर एवढंच. डासाला आपण सापडतो ते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने, घामाच्या वासाने आणि अंगाच्या उष्णतेने. तो आधीच नाकाने चालतो. खोलीत दुसरा आवाज असला म्हणून त्याला आपला वास यायचा थांबत नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगानेही (फेडरल ट्रेड कमिशन) २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठावर कंपन्यांना ताकीद दिली होती, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा हवा. आज तीच यंत्रं चिपळूणच्या बाजारात निळा दिवा लावून आलीत.

एक प्रामाणिक भर घालतो, नाहीतर कोणीतरी आणून टाकेलच. २०१९ मध्ये संशोधकांनी एडिस डासांना धाडधाड वाजणारं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकवलं, तेव्हा माद्या उशिरा आणि कमी चावल्या, आणि समागमही कमी झाला. पण ते आपल्याला ऐकू येणारं, मोठ्याने लावलेलं संगीत, आणि तेही प्रयोगशाळेत.

दर्यावर्दी_देवगड | १९ ऑगस्ट, रात्री ८.३२

मग दशावताराच्या पेटी-मृदुंगाक डास कित्याक येतत? रातभर मांडवात बसान पाय खाजवूचे लागतत. संकासुर आला तरी हलत नाय.

घाटावरचा | १९ ऑगस्ट, रात्री ८.४०

तुम्ही नाटक बघायला जाता, डास तुम्हाला बघायला येतात.

फवारणीवाला_निवृत्त | २० ऑगस्ट, सकाळी ६.५०

आज २० ऑगस्ट आहे म्हणून मुद्दाम लिहितो. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. डास दिवस म्हणतात. माझी सगळी नोकरी याच किड्यामागे गेली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे.

सुरुवातीला नेमणूक सिंधुदुर्गात, हत्तीरोगाच्या कामावर. त्या रोगाचे जंतू दिवसा रक्तात फारसे सापडत नाहीत, रात्री वर येतात. म्हणून आम्ही रात्री आठ-साडेआठनंतर वाडीवाडीत बॅटरी घेऊन फिरायचो, झोपलेल्या माणसांना उठवून बोटाचं रक्त घ्यायचो. कुत्री अंगावर यायची, माणसं शिव्या द्यायची. एकदा एका घरात आम्हाला चोर समजून आजोबांनी कोयता काढला होता. रक्त मात्र दिलं, कोयता खाली ठेवून. पॅट्रिक मॅन्सनने १८७७ च्या सुमारास या रोगाचा डासांशी संबंध दाखवला, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी मी कोयत्यासमोर उभा होतो.

यंत्राबद्दल एका ओळीत : नाही चालत. पण मला वाटतं धागाकर्त्याने प्रश्न उलटा धरलाय. डास पळवायचा कसा हे आपण विचारतो. तो जन्मतो कुठे हे कोणी विचारत नाही. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा सगळं साठवलेलं पाणी रिकामं करून भांडं घासून कोरडं केलं, तर त्या भांड्यातला एकही डास हवेत येत नाही. ‘कोरडा दिवस’ आम्ही शाळाशाळांतून सांगत फिरलो तो यासाठी. घासायचं हे महत्त्वाचं. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात.

आता कोकणातल्या घराभोवती फिरून बघा. डोण. न्हाणीघरातली टाकी. लाकडांवर टाकलेली ताडपत्री, तिच्या वळ्यांत साचलेलं पाणी. गडग्यावर उलट्या न ठेवलेल्या करवंट्या. पागोळीखाली ठेवलेली बादली, जी कोणी उचलत नाही. फ्रिजमागचं ताट. आगरातली फुटकी मडकी. आणि गावाबाहेर बंद पडलेल्या चिरेखाणी, पावसाळ्यात त्यांची तळी होतात. विहिरीत गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात, पाण्याला काही होत नाही. पण वाहत्या पाण्यात सोडू नका, पुरात जातात आणि बाकीच्या माशांना त्रास देतात.

सुरमईताई, तुमच्याकडे दिवाळीनंतर डास कमी झाले ते खरं असणार. पाऊस थांबला, ताडपत्रीतलं पाणी आटलं. आमचे तापाचे आकडेही तेव्हा खाली यायचे, कोणीही यंत्र न लावता. त्याच दिवाळीत घरात आणखी काही केलं होतं का?

सुरमई | २० ऑगस्ट, सकाळी १०.२५

काका, नमस्कार. खोटं बोलणार नाही. त्याच वेळी खिडक्यांना सरकत्या जाळ्या बसवल्या होत्या. पण दिवसा आम्ही त्या उघड्या ठेवतो!

पागोळी | २० ऑगस्ट, सकाळी १०.२७

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

फवारणीवाला_निवृत्त | २० ऑगस्ट, सकाळी ११.००

दिवसा बंद ठेवा, ताई. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, जास्त करून सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी. रात्रीच्या डासापेक्षा त्याचीच भीती जास्त.

मिऱ्याची_वेल | २० ऑगस्ट, दुपारी १२.४०

जाळीचा विषय निघाला म्हणून. आम्ही रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. साधी लोखंडी जाळी लावली, दुसऱ्या पावसाळ्यात बोटाने भोक पडत होतं. खाऱ्या हवेत स्टेनलेस किंवा फायबरचीच घ्या, सुरुवातीला महाग वाटते. पण निवळसंख, तुमचं घर कौलारू आहे ना? मग खिडकीला सोन्याची जाळी लावलीत तरी भिंत आणि कौलं यांच्यामधून डास आत येणार. आमच्या जुन्या घरात हाच घोळ होता. मिस्त्री म्हणाला वासे बुजवा. वासे बुजवले तर हवा कुठून येणार आणि धूर कुठून जाणार? शेवटी मच्छरदाणी. कडा गादीखाली खोचलेली, आत शिरण्याआधी झटकलेली, आणि पोरांचे हातपाय जाळीला टेकणार नाहीत एवढी मोठी. टेकले की डास बाहेरूनच चावतो.

कुळीथपिठी | २० ऑगस्ट, दुपारी १.०५

आणि पंखा! डास फार हलका, फार ताकदीचा उडणारा नाही. जोरात पंखा लावला की त्याला अंगावर नीट बसता येत नाही, श्वासाचा वासही पांगतो. आमची सगळी दुपारची झोप पंख्याच्या भरवशावर आहे.

घाटावरचा | २० ऑगस्ट, दुपारी १.१२

कोकणात पावसाळ्यात पंख्याच्या भरवशावर? लाईट असते?

कुळीथपिठी | २० ऑगस्ट, दुपारी १.१५

नसते. पण मग ते यंत्र तरी कशावर चालणार होतं? :)

शेणकूट | २० ऑगस्ट, दुपारी ३.००

लाईट नसली तरी घमेलं चालतं. एवढंच सुचवतो आणि गप्प बसतो.

निवळसंख | २० ऑगस्ट, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. अंगाला लावायच्या मलमांबद्दल कोणी सांगेल का? तान्ह्या पोरांना चालतात का?

भौतिकमास्तर | २० ऑगस्ट, रात्री ९.५५

मोठ्यांसाठी डीट, पिकारिडिन किंवा आयआर ३५३५ असलेली मलमं काम करतात, हे पुराव्याने ठरलेलं आहे. डबीवर घटक वाचून घ्या. अगदी तान्ह्यांना लावू नका, काय चालेल ते बालरोगतज्ज्ञाला विचारा. त्यांना मच्छरदाणी, दिवसाही. पाळण्याला वेगळी छोटी मिळते.

फवारणीवाला_निवृत्त | २० ऑगस्ट, रात्री १०.१०

मास्तरांना अनुमोदन. आणि डोण बघा. मी सांगतो, डोणच असणार.

निवळसंख | २४ सप्टेंबर, रात्री १०.५०

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायचा राहिला होता.

गणपतीच्या आठ दिवस आधीच गेलो. काकांचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून आधी मागील दारी. डोण बघितली, त्यात पोहरा पडलेला आणि पाण्यात वळवळ. पण काका, डोण ही मुख्य गुन्हेगार नव्हती. न्हाणीघरामागे सिमेंटची जुनी टाकी आहे, पूर्वी आंबोणाची भांडी धुवायला वापरायचे. गुरं गेली, टाकी राहिली. वर पत्रा टाकलेला, त्यावर विटा, त्यामुळे ‘झाकलेली आहे’ असं घरात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. पत्रा उचलला तर आतून काळा ढग उठला, अक्षरशः तोंडावर आला. बाबा शेजारी उभे होते, म्हणाले, “अरे, हे तर आपलेच सगळे.”

टाकी फोडली. डोण दर रविवारी घासायचं काम पुतण्याला लावून दिलंय, तो गप्पी मासे मागतोय, ते विहिरीत जातील. ताडपत्री ताणून बांधली. मच्छरदाण्या चार घेतल्या, पाळण्याला एक. उभा पंखा आणला. लाईट तीन रात्री गेली आणि त्या तीन रात्री सगळ्यांनी डासांना आणि वीज खात्याला आळीपाळीने शिव्या घातल्या. डास अगदी संपले नाहीत, आरतीच्या वेळी पडवीत चावायचेच. पण आईने एकदाही दम्याचा पंप वापरला नाही, रात्रभर झोपली.

यंत्रांचं म्हणाल तर एक मामाने काढून तिथे फोन चार्जिंगला लावला, ते कुठे ठेवलं कोणाला आठवत नाही. दुसरं माजघरातून मागील दाराकडे जाताना बोळात लावलंय. काढून परत द्यायला निघालो तर आईने हात धरला. म्हणाली, राहू दे ते, रात्री उठायचं झालं तर निळ्या उजेडात उंबरा दिसतो.

सुरमई | २४ सप्टेंबर, रात्री ११.०५

उजेड पुरतो ना? आमचे तीनही मी त्यासाठीच ठेवलेत असं सध्या घरात सांगतेय.

पागोळी | २४ सप्टेंबर, रात्री ११.१०

पाल?

निवळसंख | २४ सप्टेंबर, रात्री ११.१२

आहे.